कात्री आधी खाली ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या उन्हाळ्यातल्या काळजीवर लेख होता, त्यात मांजरांसाठी एक छोटी चौकट होती. केसांत गुंता झाला असेल तर आधी शाम्पूनं आंघोळ घाला, मग ओला गुंता कात्रीनं कापून टाका, फारच असेल तर पार्लरला नेऊन टक्कल करून आणा, असं तिच्यात लिहिलंय. मी ती दोनदा वाचली आणि त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये मी हे तिन्ही प्रकार एकाच दिवसात करून बसले आणि त्यात एका म्हाताऱ्या मांजरीची कातडी माझ्या हातून कापली गेली. लेख लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, माझाही होता. पण लोक अशा चौकटी कापून फ्रिजवर लावतात म्हणून हे सविस्तर लिहितेय. पत्र लांबलं तर बाकीचं काढा, पण आंघोळीचा आणि कात्रीचा भाग तेवढा ठेवा.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, वय 78. त्यांची चिंगी, पांढरी पर्शियन, 2013 साली मुलानं पिल्लू असताना आणून दिलेली. चिंगीचं सगळं काकू करायच्या. दुपारची जेवणं आटपली की काकू दारात खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर चिंगी, आणि स्टीलच्या कंगव्यानं अर्धा तास तिला विंचरत बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत. चिंगी पण पोट वर करून पडायची, कसलीच घाई नाही. मग आदल्या दिवाळीच्या तोंडावर काकू गेल्या. काकांचं स्वतःचंच जेमतेम चालायचं, डबा लावलेला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हाताला कंप. तरी चिंगीचं खाणं-पिणं वेळेवर, तिची लिटरची पेटी रोज साफ, रात्री झोपायला काकांच्या पायाशी. फक्त विंचरणं राहिलं. पहिले दोन-तीन महिने वरून काही कळलंच नाही, कारण पर्शियन मांजराचे वरचे लांब केस मऊच दिसतात आणि गुंता होतो तो आतल्या बारीक केसांचा, अगदी कातडीला लागून.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला त्या आठवड्यात मी त्यांचं लाइट बिल द्यायला गेले. काकांनी दार अर्धवटच उघडलं, हल्ली ते तसंच करायचे. चिंगी सोफ्याखाली होती. तिला मी कितीतरी महिन्यांनी नीट बघत होते आणि मला आधी वाटलं हिच्या अंगावर कोणीतरी पायपुसणं बांधलंय. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक सलग जाड थर झाला होता, बोटानं टकटक केलं तर आतपर्यंत दाबलं जाईना. काखेतले गोळे छातीच्या गोळ्यांना जोडले गेलेले, त्यामुळे पुढचा पाय पुढे टाकायचा तर छातीची कातडी ओढली जायची, म्हणून ती इंच-इंच पावलं टाकत चालायची. मागे शेपटीखाली शी अडकून वाळलेली. पाठीला हात लावला की फिस्कारायची. काका म्हणाले, "आता चिडकी झालीय गं, म्हातारपण." मीही मान डोलावली. तुमचे स्वतःचे केस कोणी मुठीत गच्च पिळून धरले आणि तसेच आठ महिने धरून ठेवले, झोपताना पण, बसताना पण, तर कसं वाटेल? चिडकी नव्हती हो ती, दुखत होतं तिला.

शेजारच्या आजी बघायला आल्या आणि म्हणाल्या की ही जट आहे, जट कापू नये, घरावर येतं. आपल्याकडे बायकांच्या डोक्यात जट आली की देवीची म्हणून ती वर्षानुवर्षं वागवतात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिसचे) कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत घालतात आणि मग ती सोडवली जाते, त्यातल्या कितीतरी बायका नंतर सांगतात की मान दुखायची थांबली. मांजराचं याहून वेगळं काही नाही. न विंचरलेला केस, गळालेला केस, तेल-धूळ-ओल, आणि त्यावर दिवसभराचं घासणं. यात ना देवी आहे ना कोणाचं पाप. आजींना मी तेव्हा जरा तुसडेपणानं बोलले, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण त्या दिवशी सगळेच घाबरलेले होते.

रविवारी सकाळी मी चिंगीला एका पेट पार्लरला घेऊन गेले, नाव लिहीत नाही, कारण जे तिथे झालं ते कुठेही झालं असतं. शेजारच्या टेबलावर कुत्र्याला ड्रायर चालू, मागे अजून दोन भुंकतायत. दोन मुलांनी तिचे पाय धरले, एकानं मानगूट, आणि पात्यांचा कंगवा घालून गोळे ओढायला सुरुवात. मुलं वाईट नव्हती, प्रेमानं "बस हो गया, हो गया" म्हणत होती, पण त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाला अर्धा तास आणि मांजराबद्दल कोणी काही शिकवलेलं नाही. पाच-सात मिनिटांत चिंगी तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली आणि टेबलावरच तिची सू झाली. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते नेहमीचं, मांजर टाकत नाही, मांजरानं तोंड उघडून श्वास घेतला की जे काही चाललंय ते त्या क्षणी बंद करायचं. त्यात ही चपट्या तोंडाची जात, नाकाच्या वाटा मुळातच अरुंद. मी थांबवा म्हटलं, पैसे दिले आणि घरी आणलं.

आणि मग घरी मी जे केलं ते त्याहून वाईट. वाटलं आपणच हळूहळू करू, ओळखीचं घर, ओळखीचे हात. टबात कोमट पाणी, बेबी शाम्पू. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात टाकला की कसा आटून घट्ट होतो, तसेच ते गोळे झाले. भिजलेला गुंता सुकता सुकता आणखी आवळतो आणि आतली ओल बाहेर पडायला जागाच नसते, म्हणजे कातडी आत कोंदट राहते. हे मला नंतर कळलं. मग मी कात्री घेतली. काखेजवळचा एक गोळा दोन बोटांत धरून वर उचलला, खाली कात्री सरकवली, आणि दाबली. आवाज केस कापल्याचा आला नाही, जरा ओलसर, कापड कापल्यासारखा आला. रक्त फार आलंच नाही. दोन इंचांची फट पडली आणि फटीतून आतलं गुलाबी दिसायला लागलं, मला दोन सेकंद कळलंच नाही की हे काय आहे. चिंगी ओरडलीसुद्धा नाही, नुसती टबाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. काका दारात उभे होते.

मांजराची कातडी फार पातळ असते आणि आपल्यासारखी घट्ट बसलेली नसते, सैल असते. गुंता ओढला की त्याच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर येते आणि गुंत्याच्या बुडाशी दुमडून बसते. पांढऱ्या केसांत केस कुठे संपला आणि कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना दिसत नाही. मी बँकेत काम करते, कात्री हाताला नवी नाही, आणि मी खूप सांभाळून करत होते तरी हे झालं. सांभाळून केलं की होत नाही असं हे कामच नाही, ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो त्या म्हणाल्या की उन्हाळ्या-पावसाळ्यात कात्रीनं कापलेली मांजरं त्यांच्याकडे येतच असतात.

डॉक्टरबाई आधी मला ओरडल्या नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. जखम धुऊन पट्टी केली, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, रक्त काढून घेतलं आणि म्हणाल्या की आज ही फार घाबरलीय, पोटही भरलेलं आहे, उद्या सकाळी एकाच गुंगीत टाके आणि केस दोन्ही करू. किती तास उपाशी ठेवायचं ते सांगितलं. रात्री आणि सकाळी घरीच द्यायला गॅबापेंटिनचं मोजून दिलेलं औषध दिलं, त्यानं मांजराची भीती कमी होते, पिंजऱ्यातून आणताना तमाशा होत नाही. (हे औषध माणसांना पण देतात म्हणून केमिस्टकडून आणून अंदाजानं देऊ नका, चिंगीच्या किडनीचा रिपोर्ट जरा वर होता म्हणून तिला डोस कमी करून दिलेला होता.)

दुसऱ्या दिवशी मला आत उभं राहू दिलं. झोपेचं इंजेक्शन, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, जिभेला चिमटा लावलेला, त्यावर नाडी आणि ऑक्सिजन दिसतो. खाली गरम पॅड. डोळ्यांत मलम, कारण गुंगीत पापणी मिटत नाही आणि बुबुळ सुकतं. मग क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, त्याला 10 नंबरचं ब्लेड, ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं म्हणजे कातडीला लागून चालत नाही. बाई एका हातानं कातडी ताणून सपाट करायच्या आणि ब्लेड गुंत्याच्या आणि कातडीच्या मधून, कातडीला समांतर, हळूहळू सरकवायच्या. दर थोड्या वेळानं ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायच्या, कारण ते तापतं आणि भाजतं, तासाभरात तीनदा बदललं. सगळ्यात वेळ काखेत आणि जांघेत गेला, तिथे कातडीच्या घड्या असतात. पाठीवरचा थर एका तुकड्यात निघाला, घोंगडीचा तुकडा कापून ठेवावा तसा, आणि उलटा केला तर आतल्या बाजूला पिसवांची काळी घाण आणि एक आंबट वास. मी तो वजनकाट्यावर ठेवायला सांगितला. 210 ग्रॅम. चिंगी 3 किलो 200. माझ्या वजनाच्या हिशोबात जवळजवळ चार किलोचं ओझं, तेही केसांच्या मुळांना टांगलेलं.

खाली काय होतं तेही लिहिते, कारण फोटोत हे कोणी दाखवत नाही. काखा लालभडक, ओल्या. पोटावर निळसर डाग, कातडी महिनोन्‌महिने ओढली गेल्यामुळे. एका पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख गोल वळून पंजाच्या गादीत रुतलेलं, केसांच्या गोळ्यात ते कोणालाच दिसलं नव्हतं. मागचे दोन दात किडलेले. आणि गुडघे-खुब्यांचा एक्स-रे काढला तर संधिवात. अमेरिकेत 2002 साली 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यातल्या 90 मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज सापडली. म्हणजे म्हातारं मांजर मागे वळून पाठ चाटत नाही ते आळसानं नाही, त्याला वळताच येत नाही. दात दुखत असतील तरी चाटत नाही, जाड झालं असेल तर पोहोचत नाही, किडनी, थायरॉइड, शुगर, काही बिघडलं की मांजर सगळ्यात आधी स्वतःची निगा सोडतं. त्यामुळे आयुष्यभर नीटनेटकं राहिलेलं मांजर अचानक गाठी-गाठींचं दिसायला लागलं तर ते ग्रूमिंगचं नाही, तब्येतीचं लक्षण धरा. आपल्या साध्या गावठी आखूड केसांच्या मांजरात तर विशेषच, कारण त्याच्या अंगावर एरवी गुंता होतच नाही, कमरेजवळ झुपके उभे दिसायला लागले की रक्त तपासून घ्या.

पर्शियनचं मात्र वेगळं आहे, ती ठणठणीत असली तरी तिला स्वतःचं स्वतः जमत नाही. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांजराच्या जिभेवर काम केलं, साध्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत. जिभेवरचे ते खरखरीत काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात, त्यात थुंकी भरून ती थेट केसांच्या मुळाशी पोहोचवली जाते. वाघ-सिंहाच्या अंगावर सुद्धा हे काटे कातडीपर्यंत पोहोचतात. पर्शियनच्या केसांत मात्र पोहोचत नाहीत, केस फारच लांब आणि दाट. म्हणजे माणसानंच अशी जात घडवली जिला स्वतःच्या जिभेनं स्वतःची कातडी साफ करता येत नाही, मग तिच्या कंगव्याची जबाबदारी आयुष्यभर माणसावरच, दुसरं काय? आणि हे विकणारा कधी सांगतो? मोबाइलवर जाहिराती बघा, "पंच फेस", "डॉल फेस", "ट्रिपल कोट". ट्रिपल कोट ही काही जात नाही, जितके दाट केस तितका जास्त भाव, एवढाच त्याचा अर्थ. पिल्लासोबत खाऊचं पाकीट देतात, दोन बॉल देतात, कंगवा देताना मी कोणाला बघितलं नाही. कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी 2017 साली नियम आले, पेट शॉपसाठी 2018 साली आले, पण घरच्या घरी पिल्लं काढून फोनवर विकणाऱ्याच्या दारात कोण जाऊन उभं राहतंय.

बरं, गुंगीला लोक घाबरतात, काकाही घाबरले होते, "एवढ्या केसांसाठी भूल?" म्हणाले. भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे, त्यात गुंगी किंवा भूल दिलेल्या निरोगी मांजरांत मृत्यूचं प्रमाण 0.11 टक्के होतं, म्हणजे हजारात एक, आणि आजारी मांजरांत 1.4 टक्के. म्हणूनच आधी रक्त तपासायचं, छाती ऐकायची, डोस कमी-जास्त करायचा, आणि हे पार्लरच्या नाही, डॉक्टरांच्या टेबलावर व्हायचं. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. चार जणांनी दाबून धरलेलं, धापा टाकणारं, म्हातारं मांजर हाही धोकाच आहे, फक्त तो कागदावर सही घेऊन होत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. आणि सगळं एकाच दिवशी संपवायचा हट्ट नको. ज्यांना गुंगी झेपणारच नाही अशा मांजरांचे डॉक्टर दोन-तीन वेळा बोलावून थोडं-थोडं काढतात, आधी काख आणि शेपटीखालचं, जिथे जास्त दुखतं.

घरी काय करता येतं? छोटा गुंता, वाटाण्याएवढा, कातडीपासून सुटा, तो घरी सुटतो. मांजर झोपाळलेलं असताना घ्यायचं. चिमूटभर कॉर्नफ्लोअर बोटांनी चोळायचं, गाठ बोटांनीच दोन-तीन भागांत फाकवायची, मग बुडाशी केस चिमटीत घट्ट धरून, म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या चिमटीला बसते, टोकाकडून कंगवा. टोकाकडून, बुडापासून नाही. तीन मिनिटं, एक खाऊ, सोडून द्यायचं, उरलेलं उद्या. सुटत नसेल तर गाठीच्या खाली कंगवा आडवा सरकवून बघायचा, तो कातडी आणि गाठीच्या मधून आरपार गेला तर ठीक, नाही गेला तर तिथेच थांबायचं, ते काम आपलं नाही. माणसांच्या दाढीच्या ट्रिमरनं प्रयत्न करू नका, त्यात ते केस अडकतात आणि ओढले जातात. गुंता काढल्यावर मग आंघोळ, आधी कधीच नाही.

आणि घरातले उपाय. आमच्याकडे जखम म्हटलं की हात आपोआप डेटॉलकडे जातो, माझाही गेला होता, बूच उघडलं होतं. मांजराचं लिव्हर अशी रसायनं आपल्यासारखी मोडू शकत नाही आणि मांजर अंगावरचं सगळं चाटतं, त्यामुळे डेटॉल, फिनेल, टी ट्री ऑइल यातलं काहीही अंगाला लावायचं नाही. जखम साध्या सलाइननं धुवा. कुत्र्याचं गोचिडांचं औषध तर मुळीच नाही, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्यानं मांजराला झटके येऊन जीव जातो. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल दिली तर एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. खोबरेल तेल विष नाही, पण आम्ही गुंत्यावर ते पण चोपडून बघितलं होतं आणि त्यावर सगळी धूळ येऊन बसली, डॉक्टरबाईंना क्लिपर दहा वेळा पुसावा लागला.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून अजून एक. रस्त्यावर सोडून दिलेली पर्शियन मांजरं हल्ली सगळीकडे दिसतात. भिजलेला, शी लागलेला गुंता असेल तर माश्या त्यात अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात, त्या जिवंत कातडी खातात. असं मांजर दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका, जाड टॉवेल टाकून कॅरियरमध्ये किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हात धुवा, कारण या जातीत गजकर्ण फार आणि ते माणसाला लागतं.

उन्हाळ्यात सरसकट टक्कल करा हा तुमच्या चौकटीतला सल्लाही मागे घ्या अशी विनंती आहे. गुंता नसलेल्या मांजराचे केस उन्हापासून पण वाचवतात, पांढऱ्या मांजराची गुलाबी कातडी उन्हात चक्क भाजते. चिंगीला शेव केलं ते दुसरा इलाज नव्हता म्हणून. पहिले चार-पाच दिवस ती पंख्याखाली कुडकुडायची, काकांनी काकूंची एक सुती साडी चौघडी करून तिच्या टोपलीत घातली. टाके सहा, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर. घरी आल्यावर तिनं खाल्लं आणि मग बसल्या जागी एक मागचा पाय वर करून पोट चाटायचा प्रयत्न केला, कॉलर आडवी आली, तरी पाय वर गेला होता. आठ महिन्यांत तो पाय तसा वर गेला नव्हता. काका एकदम उठून आत गेले.

त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. दार अर्धवट का उघडायचे ते त्यांनी मला नंतर सांगितलं. फेब्रुवारीतच त्यांना कळलं होतं की हे हाताबाहेर गेलंय. पण डॉक्टरकडे न्यायचं तर डॉक्टर विचारणार इतके दिवस काय करत होतात, लोक म्हणणार बायको गेली आणि मांजरसुद्धा सांभाळता आलं नाही. म्हणून ते लपवत राहिले, आणि लपवलेले ते चार महिने चिंगीनं काढले. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, तो आजही तेवढाच आहे, तो वाढवायलाच हवा आणि पिल्लं काढून-विकून फेकणाऱ्यांना लावायलाच हवा. पण काकांच्या दारात कायदा घेऊन जाऊन काय झालं असतं? दार पूर्ण बंद झालं असतं. सोशल मीडियावर गुंत्यातल्या मांजराचा फोटो आला की खाली मालकाला ज्या शिव्या पडतात त्या वाचून अजून किती जण घरात लपवत असतील. म्हणून माझं हात जोडून सांगणं आहे, कोणाकडे असं मांजर दिसलं तर "अरे बापरे, हे काय करून ठेवलंय" हे वाक्य गिळून टाका आणि "चला, मी गाडी काढते" म्हणा.

डॉक्टरांनाही एक विनंती. तपासणी, गुंगी, क्लिपर, सगळं धरून आमचं बिल साडेपाच हजार झालं, मी आणि वरच्या मजल्यावरच्यांनी मिळून दिलं. ते जास्त होतं असं म्हणत नाही, तास-दीड तास दोन माणसं लागली होती. पण किती लागेल हे आधी कुठेच कळत नाही, म्हणून लोक हजार-बाराशेच्या पार्लरकडे जातात. दवाखान्यात पाटीवर लसीकरणाचे दर असतात तसा गुंता काढायचाही दर लावा ना, आणि पेन्शनवरच्या लोकांसाठी महिन्यातला एखादा वार ठेवता आला तर बघा. परळला 1886 पासून व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथून आणि राज्यातल्या बाकीच्या कॉलेजांतून दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात, त्यांच्या हाताखाली ग्रूमरना दोन दिवसांचं मांजराचं शिक्षण मिळालं तरी खूप झालं, निदान कुठल्या मांजराला हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं एवढं तरी.

चिंगीचे केस आता पुन्हा जवळजवळ पूर्ण आलेत. मंगळवार, गुरुवार मी विंचरते, शनिवारी पाचव्या मजल्यावरची नववीतली मुलगी, बाकीचे दिवस काका, त्यांच्या कंपाचा कंगव्याला काही त्रास होत नाही, फक्त पाठ आणि डोकं तेवढंच करतात. कंगवा काकूंचाच आहे.

आपल्याला एवढंच सांगायचं आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात, दुरुस्तीची चौकट छापा. मजकूर मी देते: "मांजराच्या केसांतला घट्ट गुंता भिजवू नये आणि कात्रीनं कापू नये. कंगवा खालून जात नसेल तर मांजराला डॉक्टरकडे न्यावं." सोबत चिंगीचे दोन फोटो पाठवतेय, एक गेल्या जूनमधला, एक परवाचा. जूनमधला छापलात तरी काकांची हरकत नाही, मी विचारलंय त्यांना.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)